धाप लागते? अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका!

मैत्रिणींनो, "हल्ली चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, रक्त कमी असेल," असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. पुष्कळदा रक्त कमी असतंही. पण काही जणींच्या बाबतीत दोष हृदयाच्या झडपेत असतो. तो लोहाच्या गोळ्यांनी जात नाही.

झडप म्हणजे काय?
विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आठवा. तो पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. हृदयातही अशा चार झडपा असतात. झडप आखडली तर रक्त पुढं जायला अडतं, नीट मिटली नाही तर मागं गळतं. दोन्हींत हृदयावर ताण येतो.

दुखणं सुरू होतं घशापासून
काहींना झडपेचा दोष जन्मापासून असतो, काहींना उतारवयात होतो. पण आपल्याकडं तरुण बायकांत याचं मोठं कारण म्हणजे लहानपणचा ताप. ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा एका जंतूमुळं सुजतो. औषध पुरं झालं नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा धरतो. याला संधिज्वर म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेला इजा होऊन बसते. त्रास कळतो तो कित्येक वर्षांनी.

ही लक्षणं ओळखा
• कामात, चालताना धाप लागणं
• आडवं झालं की गुदमरणं, रात्री उठून बसावं लागणं
• छातीत धडधड, चक्कर
• पायांवर सूज
• खोकल्यातून रक्त पडणं

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. म्हणून लपलेला आजार तेव्हा उफाळून येतो. अशी धाप लागली तर "दिवस गेलेत म्हणून" असं म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

काय करायचं?
आरोग्य केंद्रात डॉक्टरांना छाती तपासायला सांगा. झडप बिघडली असेल तर नळीतून बरेचदा वेगळा आवाज येतो. पक्कं निदान टूडी इको तपासणीत होतं. ती दुखत नाही. सात रस्त्याला फेडरेशनच्या कामाला याल तेव्हा सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात चौकशी करा.

संधिज्वर झालेल्या मुलाला डॉक्टर बहुधा दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ते अनेक वर्षं घ्यावं लागतं. मूल ठणठणीत दिसलं तरी चुकवू नका. कर्जाचा हप्ता जसा तारखेला भरतो, तशी ही तारीखही पाळा.

झडप फार आखडली असेल तर काहींची ती फुग्यानं रुंद करता येते, नाहीतर दुरुस्त करतात किंवा बदलतात. भारतातच, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली चित्रा झडप १९९० पासून बसवली जाते. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना दोनच प्रश्न विचारा: "तुला धाप लागते का?" आणि "लेकराचा घसा वरचेवर धरतो का?" उत्तर 'हो' आलं, तर तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जा.