मोठा आकडा म्हणजे सरस कार्ड? ‘३०६०’ आणि ‘४०६०’ची तुलना

मुंबई, प्रतिनिधी : बारावीनंतर ॲनिमेशन, व्हीएफएक्स किंवा वास्तुकलेकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी पहिला मोठा खर्च असतो संगणकाचा आणि त्यातील सर्वांत महाग भाग बहुधा ग्राफिक्स कार्ड. बोरिवली-अंधेरीहून थेट लोकलने, तर मुलुंड-घाटकोपरहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवरील दुकाने पालथी घालायची, हा उपनगरवासीयांचा जुना शिरस्ता. खरेदी दुकानात होवो वा ऑनलाइन, दोन कार्डांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न सुटत नाही. मोठा क्रमांक म्हणजे अधिक चांगले कार्ड, हा समज किती खरा, हे एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि ४०६० या जोडीवरून उत्तम कळते. मे २०२५ मध्ये ५०६० बाजारात आल्यानंतर ही दोन्ही कार्डे जुनी झाली असली, तरी जुन्या मालाच्या बाजारात त्यांची निवड आजही करावी लागते.

कागदावरचे आकडे

‘३०६०’ फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. त्याची मेमरी १२ जीबी. ‘४०६०’ जून २०२३ मध्ये आले. त्याची मेमरी मात्र ८ जीबी. गणिती कामे करणारे ‘कुडा कोअर’ पहिल्यात ३५८४, तर दुसऱ्यात ३०७२. मेमरीतून माहितीची ने-आण करण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला ३६० जीबी, तर दुसऱ्यात २७२ जीबी. एवढेच पाहिले तर जुने कार्डच वरचढ वाटावे.

प्रत्यक्षात १०८० पिक्सेलच्या नेहमीच्या पडद्यावर बहुतेक गेममध्ये ‘४०६०’ साधारण १५ ते २० टक्के वेगवान ठरते. याची कारणे दोन. नव्या चिपमधील कोअर अधिक वेगाने चालतात आणि चिपमधील ‘कॅशे’, म्हणजे हाताशी असलेला छोटा साठा, ३ एमबीवरून २४ एमबीवर गेला आहे. प्रत्येक जिन्नसासाठी वाशीची घाऊक बाजारपेठ गाठण्याऐवजी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे बहुतेक सामान मिळावे, तसा हा प्रकार. वाशीचा रस्ता अरुंद झाला, तरी फेऱ्याच कमी झाल्याने काम अडत नाही.

सरासरी फसवी असते

कार्डांची तुलना ‘एफपीएस’ने, म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रचौकटींच्या संख्येने होते. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चौकटीला १६.७ मिलिसेकंद. मात्र सरासरी ६० असूनही काही चौकटींना १०० मिलिसेकंद लागले, तर चित्र अडखळते. म्हणून चांगल्या चाचणीत सरासरीसोबत सर्वांत संथ एक टक्का चौकटींचा वेगही दिलेला असतो. तो नसेल, तर तुलना अपुरी समजावी. दोन्ही कार्डे एकाच संगणकात, त्याच प्रोसेसरसह, चित्राच्या त्याच दर्जावर तपासली आहेत का, हेही पाहावे. प्रोसेसर जुना असेल, तर वेगवान कार्डही त्याची वाट पाहत थांबते.

‘४०६०’च्या प्रसिद्धीत दाखवलेल्या काही आलेखांत फरक याहून बराच मोठा दिसतो. त्यात ‘फ्रेम जनरेशन’चा वाटा आहे. या सोयीत दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये कार्ड स्वतः एक चौकट तयार करून घालते. ‘३०६०’ला ती उपलब्ध नाही. चित्र त्यामुळे नितळ भासते; पण कळ दाबल्यावर पडद्यावर हालचाल होण्यास लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. त्यामुळे अशा चौकटी मोजून केलेली तुलना समान पातळीवरची नव्हे.

आठ जीबी कुठे अपुरे पडते?

काम ८ जीबीत मावते, तोवर ‘४०६०’ पुढे राहते. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्येही लहान दृश्याचे रेंडरिंग ते लवकर उरकते. मात्र अनेक इमारती, झाडे आणि भारी टेक्स्चर असलेले दृश्य ८ जीबीबाहेर गेले, की माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते आणि वेग कोसळतो. काही वेळा रेंडरिंगच अर्धवट थांबते. अशा वेळी संथ म्हणवले जाणारे १२ जीबीचे कार्ड काम पुरे करते. घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल चालवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

जुना मदरबोर्ड असलेल्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. ‘३०६०’ मदरबोर्डाशी १६ मार्गिकांनी जोडले जाते, ‘४०६०’ केवळ आठ. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ जीबीच माहिती जाते. मेमरी पुरेशी असताना हा फरक फारसा जाणवत नाही. ती भरल्यावर मात्र तो प्रकर्षाने दिसतो.

वीज आणि उष्मा

पूर्ण भारावर ‘३०६०’ला १७० वॉट, तर ‘४०६०’ला ११५ वॉट वीज लागते. रोज चार तास वापर धरला, तर ५५ वॉटच्या फरकाने वर्षाला सुमारे ८० युनिट होतात. युनिटमागे दहा रुपये धरल्यास हा फरक ८०० रुपयांचा. बिल अदानीचे असो, टाटाचे असो वा मुलुंडमधील महावितरणचे, रक्कम फार मोठी नाही. मात्र कार्डाने घेतलेली वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात दहा बाय दहाच्या खोलीत ती जाणवल्याशिवाय राहत नाही.

नावात फसू नये

‘३०६०’ या नावाने १२ जीबीचे आणि ८ जीबीचे अशी दोन कार्डे निघाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या कार्डाचा मेमरी-वेग सेकंदाला २४० जीबीच आहे. म्हणजे ‘३०६०’ घेण्याचे मुख्य कारणच त्यात उरत नाही. खोक्यावरील नावापेक्षा मेमरीचा आकडा आधी वाचावा.

जुने कार्ड घेताना अधिक सावधगिरी हवी. २०२१-२२ मध्ये आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी अनेक कार्डे दिवसरात्र राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही पद्धत सोडल्यानंतर त्यांतील बरीच जुन्या बाजारात आली. पैसे देण्यापूर्वी कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहावा. ‘जीपीयू-झेड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मेमरी १२ जीबी आणि मेमरी-मार्गाची रुंदी १९२ बिट दिसते का, हेही तपासावे. मूळ बिल आणि त्यावरील सीरियल क्रमांक जुळल्याशिवाय वॉरंटीच्या आश्वासनावर विसंबू नये.

थोडक्यात, मदरबोर्ड नवा, पडदा १०८० पिक्सेलचा आणि मुख्य वापर गेमिंगचा असेल, तर ‘४०६०’ घ्यावे. रेंडरिंगची मोठी कामे किंवा जुना मदरबोर्ड असल्यास १२ जीबीचे ‘३०६०’ अधिक उपयोगी ठरते. अभ्यासक्रमासाठी कार्ड घेणाऱ्यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना किती मेमरी लागते, हे विचारून मगच ग्रँट रोडचे तिकीट काढावे.