शेवटचं कडवं गाळू नका

लोककवी-गायक वामनदादा कर्डक 15 मे 2004 रोजी नाशकात गेले. त्यांची गाणी आजही दर चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वस्तीवस्तीत वाजतात. मी ती लहानपणापासून गाते, कारण माझे वडील गायन पार्टी चालवायचे. पुढं पेटी, शेजारी ढोलक, मागं कोरसला दोघंतिघं, आणि रात्रभर कार्यक्रम. त्यांच्या वहीत सगळ्यात जास्त गाणी दादांचीच. गाणं बसवताना वडील एक ताकीद द्यायचे: वेळ कमी पडला तर मधलं कडवं सोडा, शेवटचं सोडायचं नाही.

शेवटच्या कडव्यात कवी असतो. चोखोबा आणि तुकोबा अभंगाच्या अखेरीस आपलं नाव गुंफतात, शाहीरही गुंफतात. दादा तिथं ‘वामन’ गुंफायचे. छापील पुस्तक हाती नसलेल्या माणसालाही गाणं कोणाचं ते त्यामुळं कळायचं.

नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे दादांचं गाव. जन्म 15 ऑगस्ट 1922चा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत मोलमजुरी करत असताना कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते वाचता आलं नाही, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. ती लाज मनाला लागली, म्हणून त्यांनी मोठेपणी बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. ते समता सैनिक दलात गेले, बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी पाहिलं, ऐकलं आणि 1943 साली गाणं लिहायला घेतलं. पुढची साठेक वर्षं ती लेखणी थांबली नाही. त्यांची गाणी दहा हजारांवर असावीत असं मानतात.

ही गाणी कुठून आली हे कळायला जलसा समजून घ्यावा लागतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा बाज ठेवून त्यांनी त्यातून लोकांना शहाणं करणारा विचार मांडला. त्याच वाटेनं आंबेडकरी जलसे आले. नाशिक भागात भीमराव कर्डकांचा जलसा गाजला. शिका, मेलेली ढोरं ओढू नका, पाण्यावरचा आणि माणूसपणाचा हक्क मागा, हे सगळं जलशानं ढोलकीवर सांगितलं. सभेतलं भाषण ज्या बायकांपर्यंत पोहोचत नव्हतं, त्यांच्या जात्यापर्यंत गाणं पोहोचलं.

दादा या परंपरेतले, पण त्यांनी तिला नवं वळण दिलं. ओळखीच्या चालींवर ते शब्द बसवायचे. कधी सिनेमाची चाल, कधी लोकगीताची, कधी कव्वालीची. चाल आधीच तोंडात असली की तालमीची गरज उरत नाही. रात्री ऐकलेलं गाणं सकाळी शेतात खुरपताना म्हणता येतं. 6 डिसेंबर 1956ला बाबासाहेब गेले, तेव्हा बौद्ध धर्मांतराला दोन महिनेही झाले नव्हते. पोरक्या झालेल्या समाजाला दादांसारख्या गायकांनी गावोगाव फिरून धीर दिला. त्यांनी नुसता गौरव गायला नाही. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठं आहे, असं मोठ्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारणारं गाणंही त्यांचंच.

‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनचे’ असे त्यांचे संग्रह छापून आले. तरी कितीतरी गाणी गायकांच्या वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिली. त्या वह्यांची पानं आता विरत चालली आहेत. दुसरीकडं डीजेवर मुखडा आणि एखादं कडवं वाजतं की लगेच पुढचं गाणं. मोबाईलवरच्या तुकड्यात तर मुखडाही पुरता येत नाही. गाणं राहतं, पण ज्या कडव्यात वामन आहे तेच कापलं जातं. मग पोरं म्हणतात, हे ‘पारंपरिक’ आहे. एका माणसानं उपाशीपोटी, पायपीट करत रचलेलं गाणं बिननावाचं होतं. ज्यांना शतकानुशतकं नाव लावू दिलं नाही, त्यांच्यातल्या एकानं हक्कानं आपलं नाव गाण्यात कोरलं होतं. ते पुसलं जाणं मला अन्याय वाटतो.

म्हणून दादांच्या येत्या जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालाल तेव्हा एवढं करा. त्यांचं एक गाणं तरी पूर्ण गा. गाण्याआधी माईकवर कवीचं नाव घ्या. तुमच्या गावात जुनी गायन पार्टी असेल तर त्या गायकाकडं जा, त्याची वही उतरवून घ्या, त्याच्याच आवाजात गाणी मोबाईलवर भरून ठेवा आणि चाल कुठली तेही लिहून ठेवा. लेकरांना मुखड्याबरोबर शेवटचं कडवं पाठ करायला लावा. दादांनी नाव तिथं ठेवलं ते आपण घ्यावं म्हणून, आणि ते घ्यायला फार तर अर्धं मिनिट लागतं.