नाणं खणखणीत हवं... मग ते दोन चाकांवरचं का असेना!

कंपनीनं गाडी बनवणं बंद केलं, म्हणून काय ती भंगारात घालायची? डांबरी रस्ता आणि आडवाट दोन्ही तुडवणारी जुनी मोटारसायकल घरच्या घरी ठणठणीत ठेवता येते. फक्त कुठं हात घालायचा आणि कुठं थांबायचं, हे ठाऊक हवं.

जबलपूरचा सराफा म्हणजे पारखी नजरेचा बाजार. पूर्वी चांदीचा रुपया हाती आला, की सराफ तो वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा! गंमत म्हणजे हीच परीक्षा मोटारसायकलच्या चाकालाही लागू पडते. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यानं एकेक स्पोक हलकेच ठोकत जा. ताठ स्पोक टणत्कार करतो, सैल झालेला बद्द वाजतो. आणि सराफ्यातून निघून बरगी धरणाकडं किंवा कुंडमच्या जंगलाकडं, मागं बायकोला नाहीतर लेकीला बसवून जायचं असेल, तर हा बद्द आवाज घरीच ऐकलेला बरा.

खडबडीत वाटेवर चालणाऱ्या या गाड्यांची जात आपल्याकडं तशी नवी. हीरोची १५० सीसीची ‘इम्पल्स’ २०११मध्ये आली आणि काही वर्षांतच बंद झाली. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची ‘हिमालयन’ आली २०१६मध्ये. २०२३च्या अखेरीस तिची ४५२ सीसीची धाकटी बहीण अवतरली आणि थोरली मागं पडली. उंच बांधा, लांब सस्पेन्शन, तारांची चाकं... गाडी दणकट खरी, पण तिचे सुटे भाग आता दरवेळी काउंटरवर मिळतीलच असं नाही. म्हणूनच घरच्या निगराणीला महत्त्व आलं आहे.

तसं हे जबलपूरला नवं नाही. इथल्या तोफगाडी कारखान्याची स्थापना १९०४ची, तर वाहन कारखाना १९६९चा. लष्करासाठी तयार होणाऱ्या ‘जोंगा’ या गाडीच्या नावातच जबलपूर दडलं आहे! जोंगाचं उत्पादन केव्हाच थांबलं, पण हौशी मंडळींनी अनेक जोंगा अजून चालत्या ठेवल्या आहेत. जी गोष्ट चार चाकांना जमली, ती दोन चाकांना का जमू नये?

चेन : ताणाल तर तुटेल!

सुरुवात चेनपासून करावी. सैल चेन उतरते, हे सगळ्यांना माहीत असतं. घट्ट चेन त्याहून घातक, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. खड्ड्यात मागचं चाक वरखाली होतं, तेव्हा चेनवरचा ताणही बदलतो. या गाड्यांचं सस्पेन्शन लांब, त्यामुळं हा फरक जास्त. चेन आधीच ताणून बसवली असेल, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो आणि शंभराच्या कामाचे हजारो होतात. म्हणून चाक फिरवून चेन जिथं सर्वांत घट्ट लागते ती जागा शोधावी आणि खालच्या बाजूच्या मध्यावर ती किती हलते ते मोजावं. किती हलायला हवी, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशनं साफ करावी, कोरडी पुसून मग गिअर ऑइल लावावं. आणि इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून चेन पुसण्याचा मोह? तो टाळाच. या एका घाईपायी बोटं गमावण्याची वेळ येते.

धूळ आणि पेट्रोल

आडवाटेवरची धूळ हा इंजिनचा पहिला शत्रू. एअर फिल्टर कागदी असेल तर खराब झाल्यावर तो बदलायचाच. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन हलकेच दाबायचा, पिळायचा नाही. सावलीत वाळवून फिल्टर ऑइल लावायचं.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीला दुसरी काळजी पेट्रोलची. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यानं लवकर चिरतात. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल आधी काढून टाकावं. आतला पितळी जेट तुंबला तर तार खुपसू नये! त्याचं भोक मिलिमीटरच्या अंशांत मोजायचं असतं. एक ओरखडा उठला, की पेट्रोलचं माप बिघडलंच. गुंजभर सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्या पेठेला हे वेगळं सांगायला नको. क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढंच पुरे.

घर आहे, गॅरेज नव्हे

जुन्या पेठेतलं घर म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मधे चिंचोळा बोळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. तेव्हा पेट्रोलचं काम उघड्यावरच करावं. गॅसची शेगडी, देवघरातली समई, विडी-काडी या सगळ्यांपासून दूर. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणं तर जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

आणखी एक. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल गटारात ओतलं, की नाल्यावाटे ते नर्मदेच्या वाटेला लागतं. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडं द्यावं.

इथं मात्र थांबा

ब्रेकचे पॅड किती झिजलेत, हे टॉर्चच्या उजेडात कुणालाही बघता येतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, हेही लक्षात ठेवता येतं. ब्रेक ड्रममधली भुकटी तोंडानं फुंकू नये, एवढं पथ्यही जमतं. पण ब्रेकची आतली सीलं, पुढच्या फोर्कचं पोट, वाकडं झालेलं चाक आणि फ्युएल इंजेक्शनची वायरिंग ही कामं जाणत्या मिस्त्रीचीच. बद्द वाजणारा स्पोक ओळखणं आपलं काम, चाक सरळ करणं त्याचं. चेनचा वेळ चुकला तर पैसे जातात, ब्रेकचा अंदाज चुकला तर माणूस जातो.

वहीतलं गॅरेज

आता खरी युक्ती. कंपनीचं नाव लिहिलेला डबा बाजारातून गेला, तरी त्यातला भाग गेलाच असं नव्हे! बॉल बेअरिंग काढलं, की त्याच्या कडेवर नंबर कोरलेला दिसतो. समजा, ६२०३. याचा अर्थ आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. जगात कुठंही गेलात तरी हेच माप. मग ते गाडीच्या दुकानातून घ्या नाहीतर पाण्याच्या पंपांचे भाग विकणाऱ्याकडून. ऑइल सीलवरही बहुधा अशीच तीन मापं असतात. स्पार्क प्लगला नंबर, चेनला नंबर, बल्बला नंबर.

हे सगळे नंबर एका वहीत उतरवून ठेवावेत. शेजारी ऑइल बदलल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि चेनचा हिशेब. त्याच वहीत नोंदणीची मुदतही लिहावी. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०११ची गाडी त्या उंबरठ्यावर पोहोचलीच आहे. निगा राखलेल्या गाडीला त्या तपासणीची धास्ती नसते.

हजारभर रुपयांची पान्यांची पेटी, रविवारचा एक तास आणि चाळीस पानी वही. टॉर्च धरायला घरातली मुलं असतातच. वहीतल्या नोंदी त्यांनाच करू द्याव्यात. उद्या गाडी त्यांच्या हाती जाईल, तेव्हा किल्लीसोबत ती वहीही जाईल. आणि गाडीपेक्षा वहीचीच किंमत जास्त ठरेल!