महामार्गावर कुठे थांबायचं? जेवणाआधी बाजू पाहा

कळंब : नागपूरहून निघालेली कार दोन-अडीच तासांत कळंबला पोहोचते. तिच्यातल्या लोकांना चहा पुरतो. नांदेडकडून आलेल्या ट्रकचे मात्र इथपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात. त्या ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा लागते. गाव एकच, पण थांबण्याचं कारण वेगळं.

ट्रकवाला पाटी वाचत नाही, उभे ट्रक पाहतो. गाड्या जास्त म्हणजे जेवण ताजं, भाव परवडणारा अन् रात्री डिझेल चोरीची भीती कमी, हा त्याचा हिशेब. मोकळं पटांगण, आंघोळीला पाण्याचं टाकं, दोन-चार बाजा अन् शेजारी पंक्चरवाला असला की झालं.

कुटुंबवाले आधी संडास-बाथरूम पाहतात. बाईमाणूस आत जाऊन नाक मुरडत परत आलं, तर अख्खी गाडी चहा न घेता पुढं निघते. चांगला उजेड अन् आधीच बसलेली दोन कुटुंबं दिसली की धीर येतो. एसटी अन् ट्रॅव्हल्सच्या प्रवाशाला निवडच नसते. एसटीचे थांबे महामंडळ ठरवतं, ट्रॅव्हल्स कुठं थांबणार हे गाडीवाले.

या निवडीत एक गोष्ट सुटते, ती म्हणजे हॉटेल रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे. नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला. पसंतीचा ढाबा पलीकडं असला की काही जण पुढच्या कटवरून वळण्याऐवजी उलट्या बाजूनं गाडी घालतात. समोरून वेगात येणाऱ्याला त्याची कल्पनाच नसते. दुसरी चूक म्हणजे पटांगण भरलं म्हणून ट्रक दिवे बंद करून रस्त्याच्या कडेला लावणं. अंधारात मागच्या दुचाकीवाल्याला तो अगदी जवळ गेल्यावर दिसतो. तो ओलित करून घरी निघालेला गावचाच शेतकरीही असू शकतो.

चालकाला ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, अशी तरतूद मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये होती. म्हणजे थांबा भुकेवर नाही, तासांवर ठरवायचा. झोप डोळ्यावर येण्याआधी, आपल्याच बाजूचं अन् गाडी पूर्ण आत घेता येईल असं ठिकाण निवडावं. जेवण जरा कमी चवीचं मिळालं तरी चालतं. गाडी बंद पडली वा अपघात झाला, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.