पहिला कोण, ते आधीच ठरलेलं

शर्यत म्हटली की आपण आधी काय विचारतो? कोण जिंकलं? इटलीच्या उंब्रिया प्रांतात गुब्बिओ नावाचं एक गाव आहे. तिथे हा प्रश्न विचारलात तर लोक हसतील. दर वर्षी १५ मे रोजी तिथे तीन चमू जीव खाऊन धावतात, पण त्यांचे क्रमांक आधीच ठरलेले असतात. मागच्यानं पुढच्याला ओलांडायचं नाही. पहिला तो पहिलाच, तिसरा तो तिसराच. मग धावायचं तरी कशासाठी?

गुब्बिओची वस्ती ३० हजारांच्या आसपास. इंजिनो डोंगराच्या उतारावर करड्या दगडांची घरं, चढणीच्या गल्ल्या. मधोमध चौदाव्या शतकातला नगरसभेचा उंच वाडा, ‘पलाझ्झो देइ कोन्सोली’. त्या वाड्यातल्या संग्रहालयात ब्राँझचे सात पत्रे जपून ठेवले आहेत. १४४४ साली ते सापडले आणि १४५६ साली गावानं ते विकत घेतले. त्यांवर उंब्रियन भाषेत धर्मविधी कोरले आहेत. ही लॅटिनची चुलत बहीण, कधीच मेलेली. तिच्याविषयी आज जे कळतं ते बहुतांशी या पत्र्यांमुळे. मी कवितेच्या नादी लागलेला माणूस, त्यामुळे या पत्र्यांपाशी माझं मन जास्त रेंगाळतं. त्यातला एक नियम पाहा. नगरशुद्धीच्या विधीत काही चुकलं तर केलेलं सगळं फुकट. वेशीपाशी परत जायचं आणि पुन्हा आरंभ करायचा.

आता शर्यतीकडे येऊ. बाराव्या शतकात उबाल्दो नावाचे बिशप इथे होऊन गेले. ११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या सैन्यापासून त्यांनी गाव वाचवलं, असं गावकरी सांगतात. १६ मे ११६० रोजी ते वारले. त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हा उत्सव होतो. जे खांद्यावर घेऊन धावतात त्याला ‘चेरो’ म्हणतात, अनेकवचन ‘चेरी’. (फळाशी काही संबंध नाही!) चेरो म्हणजे खरं तर मेणबत्ती. पण ही मेणबत्ती लाकडाची, एकावर एक ठेवलेल्या दोन अष्टकोनी ढोलांसारखी, चार-पाच मीटर उंच आणि वजनाला पावणेतीनशे किलोंच्या घरात. वर संताची छोटी मूर्ती. पहिला चेरो गवंड्यांचा, संत उबाल्दोंचा. दुसरा व्यापाऱ्यांचा, संत जॉर्जचा. तिसरा शेतकऱ्यांचा, संत अँथनीचा. सदरे अनुक्रमे पिवळे, निळे, काळे. वसंतातल्या एखाद्या प्राचीन विधीचा हा अवशेष असावा, असंही काही अभ्यासक मानतात.

दुपारी बाराला मोठ्या चौकात चेरी उभे केले जातात. त्याआधी प्रत्येक चेरोचा म्होरक्या त्याच्या बुंध्यावर मातीच्या सुरईतलं पाणी ओततो आणि सुरई गर्दीत भिरकावतो. तिच्या खापऱ्यांसाठी झुंबड उडते, कारण खापरी घरात असणं शुभ. संध्याकाळी सहाला शर्यत सुटते. गल्ल्या आणि मग डोंगराची नागमोडी चढण, वर बॅसिलिकापर्यंत. ओझं मोठं, त्यामुळे खांदेकरी सतत बदलतात, तेही धावता धावता. थकलेला बाहेर पडतो, ताजा आत शिरतो, आणि चेरो थांबत नाही. गावकऱ्यांची नजर असते ती नेमकी इथे. चेरो कलला का? पडला का? दोन चेरींत अंतर पडलं का? वर्षभर चर्चा चालते ती त्याची. पहिला चमू बॅसिलिकात शिरला की मागच्यांच्या तोंडावर दार लावू पाहतो आणि मागचे दाराआधी पोहोचू पाहतात. चुरस असलीच तर एवढीच. मला तर त्या जुन्या पत्र्यांची आठवण येते. तिथेही प्रश्न चुकलं की नाही, हाच होता.

गुब्बिओत हार-जितीचे खेळ नाहीत असं मात्र नाही. मेच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या सानसेपोल्क्रोच्या नेमबाजांशी आडव्या धनुष्यांचा सामना होतो, ३६ मीटरांवरून. फुटबॉलचा संघ २०११-१२ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढला होता आणि त्याच हंगामात खाली घसरला. त्याआधी त्या श्रेणीत तो खेळला होता १९४७-४८ साली. याशिवाय डिसेंबरात हाच डोंगर दिव्यांनी सजवून त्याचा अवाढव्य नाताळवृक्ष करतात. हा प्रकार १९८१ पासूनचा. पण उंब्रिया प्रांतानं १९७३ साली आपल्या मानचिन्हासाठी निवडले ते तीन चेरीच.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे चेरी धावले नाहीत. जिथे निकालच नसतो तिथे दोन वर्षं चुकल्यानं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण पुढे धावणाऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर कधी येईल याची वाट पाहणाऱ्या पोराला विचारा. तिथल्या मुलांसाठी छोटे चेरीही असतात, २ जूनला. २०२२ साली मोठे चेरी पुन्हा धावले.

आणि हे वेड गावापुरतं राहिलेलं नाही. गुब्बिओतून अमेरिकेत गेलेल्या खाणकामगारांनी ते पेनसिल्व्हेनियातल्या जेसप या गावी नेलं. तिथेही मे महिन्यात तीन चेरी धावतात. आधी उबाल्दो, मग जॉर्ज, मग अँथनी.