दुसऱ्या गाडीचा धूर

माझ्या बहिणीच्या मुलाने मागच्या वर्षी जुनी पेट्रोल कार घेतली. बीएस-४ ची गाडी, रंग झकास. पण चावी फिरवली की सगळी गल्ली खिडकीत यायची. आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा सरळ पाइप बसवला होता. मुलगा खूश. आमच्या अम्मींना मात्र दमा. गाडी सुरू झाली की त्या ओढणी नाकाला लावून आत जात.

पीयूसीची मुदत संपली, तपासणी झाली आणि गाडी नापास ठरली. बीएस-४ पेट्रोल कार जागेवर सुरू असताना तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि न जळालेले हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालते. याच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के निघाला.

संध्याकाळी तो म्हणाला, "खाला, एकजण म्हणतो, थोडे जास्त पैसे द्या, नळी दुसऱ्या गाडीला लावून तुमच्या नंबरचा कागद काढून देतो. देऊ का?"

मी त्याला धान्याच्या राशीची हदीस आठवण करून दिली. रास वरून कोरडी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आत हात घातला तर बोटांना ओल लागली. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. "बेटा, तुझा कागद कोरडा असेल, पण ओल तुझ्या नानीच्या छातीत जाईल," मी म्हणाले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्या चाचांनी गाडी वर घेऊन दाखवले. सरळ पाइप बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकला होता. या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेले पेट्रोल जळते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. तोच नसेल तर इंजिन कितीही चांगले असो, धूर कच्चाच बाहेर पडतो.

मग कामे क्रमाने झाली. गाडीच्या मॉडेलचाच कन्व्हर्टर व मूळ पद्धतीचा सायलेन्सर बसवला. पाइपचे सांधे तपासले, कारण फटीतून बाहेरची हवा शिरली तर ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. एअर फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल बदलले. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता. त्याची तार तोडली नाही, दोष शोधला. सेन्सर खराब निघाला, तो बदलला.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. म्हणून तपासणीपूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी आणि थेट केंद्रावर न्यावी. तिथे दुसरी नोंद इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० च्या आसपास नेऊन घेतात. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा.

गाडी पास झाली. जागेवरचा कार्बन मोनॉक्साइड ०.१२ टक्के आला. खर्च मात्र मोठा झाला. नव्या मोबाइलसाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवावे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीने प्रदूषणाच्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

पास झाल्यावर सरळ पाइप पुन्हा बसवून देतो, असे एका मित्राने सुचवले होते. भाच्याने तो पाइप भंगारात विकला. आता सकाळी तो गाडी काढतो तेव्हा अम्मी ओट्यावर तस्बीह घेऊन बसलेल्या असतात, आणि बसूनच राहतात.