थकतात पाय की मन?

सायकलस्वार थांबतो तो पाय थकल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वेल्समधील बँगर विद्यापीठाचे सॅम्युएले मार्कोरा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो पारखला. १६ जणांनी एकदा ९० मिनिटे एकाग्रतेची संगणकीय कसोटी दिली, एकदा तितकाच वेळ माहितीपट पाहिले. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल चालवली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, कसोटीनंतर केवळ ६४०. हृदय, श्वसन व स्नायू यांच्या कार्यात कारण सापडले नाही. श्रम मात्र अधिक जाणवले. यातूनच पुढे सायकल चालवतानाच बौद्धिक कसोट्या सोडवण्याची सरावपद्धती आकारास आली. दिवसभर अभ्यासाने शिणलेले मूल सायंकाळी मैदानावर मागे पडले, तर त्यास आळशी ठरवण्यापूर्वी पालकांनी हे अवश्य स्मरावे.